होम डिझायनरमध्ये डेक आणि छप्पर बिघडतं तेव्हा दोष कुठे शोधायचा

होम डिझायनर हे अमेरिकेतल्या आयडाहो राज्यातील चीफ आर्किटेक्ट कंपनीचं घरगुती वापरासाठीचं सॉफ्टवेअर. तिकडे घरामागे लाकडी डेक बांधायला निघालेली मराठी कुटुंबं ते वापरतात आणि इथे बसून अमेरिकेतल्या घरांची ड्रॉइंग करणारे ड्राफ्ट्समनही. दोघांची तक्रार बहुधा एकच असते: भिंती नीट काढल्या, पण थ्रीडीमध्ये छपराचे तुकडे पडलेत, नाहीतर डेकच्या फळ्यांतून गवत वर आलंय.

अशा वेळी हात आपोआप छपराकडे जातो. बिघडलेलं पाखं पकडून ओढलं जातं, तेवढ्यापुरतं ते जुळतं आणि पुढची भिंत हलवली की सगळं पुन्हा विस्कटतं. या सॉफ्टवेअरमध्ये छप्पर ही स्वतंत्र वस्तू नाही. बाहेरच्या भिंतींना दिलेल्या सूचना, खोल्यांचे प्रकार आणि छताच्या उंच्या या तिन्हींवरून ते काढलं जातं. डेकचंही तसंच आहे. म्हणून थ्रीडीत दिसणारा दोष प्लॅनमध्ये शोधायचा आणि तिथे सापडेपर्यंत छपराला हात लावायचा नाही.

सुरुवातीची तपासणी

फाइलची प्रत वेगळ्या नावाने ठेवा आणि प्रयोग प्रतीवरच करा. मग बिल्ड रूफ डायलॉग उघडून पिच, म्हणजे छपराचा उतार, कशात मोजला जातोय ते बघा. अमेरिकेत उतार बारा इंचांच्या हिशेबाने सांगतात: '६ इन १२' म्हणजे आडव्या १२ इंचांना ६ इंच चढ, अंशांत २६.५७. फाइल मेट्रिक टेम्प्लेटवरून सुरू झाली असेल तर तीच चौकट अंश मागते. तिथे ६ टाकलं की छप्पर ६ अंशांचं होतं, म्हणजे जेमतेम सव्वा इन १२, आणि घरावर जवळजवळ सपाट झाकण दिसू लागतं. इथल्या ड्राफ्ट्समनकडून ही चूक हमखास होते, कारण आकडा बरोबर असतो आणि एकक चुकलेलं असतं.

छप्पर किंवा डेकचा सांगाडा अजिबातच दिसत नसेल तर डिस्प्ले ऑप्शन्समध्ये त्याचा लेयर चालू आहे का ते पाहा. वस्तू असते, फक्त लपवलेली असते. त्या व्ह्यूमध्ये लेयर बंद असताना पुन्हा बिल्ड केलं की कोणी एकावर एक दोन छपरं चढवून बसतं.

तिसरी गोष्ट म्हणजे क्रॉस सेक्शन. फिरत्या थ्रीडी चित्रावरून छपराचा दोष ओळखणं अवघड, कारण तिरप्या नजरेत चार इंचांचा फरक दिसत नाही. घराच्या मधून, डेकच्या दिशेने एक उभा छेद घ्या आणि ती खिडकी काम संपेपर्यंत उघडी ठेवा. पुढचे बहुतेक प्रश्न तिथेच सुटतात.

छपराचे तुकडे का पडतात

बाहेरची प्रत्येक भिंत छपराला एक सूचना देते. काही बदललं नसेल तर ती सूचना हिपची असते, म्हणजे त्या भिंतीवरून एक पाखं वर चढतं. चौकोनी घराला त्यामुळे चारही बाजूंनी उतार मिळतो. जिथे त्रिकोणी बाजू हवी तिथे ती भिंत निवडून वॉल स्पेसिफिकेशनच्या रूफ पॅनेलमध्ये फुल गेबल वॉल करा. एकाच बाजूला उतार असलेल्या छपराला उंच भिंत हाय शेड/गेबल वॉल आणि तिच्या दोन्ही बाजूच्या भिंती फुल गेबल. हे न करता पाख्याच्या कडा ओढून गेबल बनवलं, तर वरची त्रिकोणी भिंत कधी येते, कधी येत नाही.

आता तुकड्यांचं कारण. मागची भिंत प्लॅनवर सरळ दिसते, पण ती दोन भिंतींची मिळून बनलेली असते आणि त्यांच्यात अर्ध्या इंचाचा फरक असतो. सॉफ्टवेअरच्या लेखी त्या दोन वेगळ्या भिंती, म्हणून दोन वेगळी पाखी आणि मध्ये एक चिंचोळी पट्टी. जोडाजवळ झूम करा, दोन्ही भिंतींचं अंतर समोरच्या एकाच भिंतीपासून मोजा आणि आकडे तंतोतंत सारखे करा. भिंती एका रेषेत आणूनही फट राहिली तर त्या दोन भिंतींचे पिच, ओव्हरहँग (भिंतीबाहेर आलेला छपराचा भाग) आणि रूफ पॅनेलमधल्या बाकी नोंदी ताडून बघा. एकीला १८ इंच ओव्हरहँग आणि दुसरीला १६ असेल, तर पाखं एक होणार नाही.

याहून फसवं कारण छताच्या उंचीचं आहे. भिंतीच्या माथ्यावरच्या प्लेटवर, म्हणजे आडव्या लाकडावर, छप्पर बसतं आणि ती प्लेट किती उंचीवर आहे हे आतल्या खोलीच्या सीलिंग हाइटवरून ठरतं. अमेरिकन लाकडी घरात हे आकडे विचित्र वाटतात, पण त्यांना आधार आहे: नऊ फुटी खोलीसाठी १०४ ५/८ इंचांचा स्टड (भिंतीतलं उभं लाकूड) आणि तीन प्लेटचे मिळून ४ १/२ इंच, एकूण १०९ १/८ इंच. आठ फुटी खोलीसाठी ९२ ५/८ अधिक ४ १/२, म्हणजे ९७ १/८. एका खोलीला १०९ १/८ आणि शेजारच्या खोलीला कोणी सोयीसाठी १०८ टाकलं, की बाहेर वळचणीला १ १/८ इंचाची पायरी पडते. शंका आली की बाहेरच्या भिंतीला लागून असलेल्या प्रत्येक खोलीचं रूम स्पेसिफिकेशन उघडा आणि स्ट्रक्चर पॅनेलमधली सीलिंग हाइट कागदावर उतरवा. वेगळा आकडा लगेच सापडतो. आतल्या खोलीत उंच, उतरतं छत दाखवायचं असेल तर उंचीचा आकडा बदलू नका. फ्लॅट सीलिंग ओव्हर धिस रूमवरची खूण काढा.

दोन वेगळ्या पिचची छपरं कोपऱ्यात भेटतात तेव्हा फॅशियाच्या, म्हणजे वळचणीच्या कडेवरच्या, पट्ट्या वर-खाली होतात. हा सॉफ्टवेअरचा दोष नाही, भूमितीच तशी आहे. १८ इंचांच्या ओव्हरहँगला ६ इन १२ उतारावर वळचण प्लेटच्या रेषेपासून ९ इंच खाली जाते, ८ इन १२ वर १२ इंच. फरक ३ इंचांचा. तो दोन प्रकारे काढता येतो: तीव्र उताराच्या बाजूचा ओव्हरहँग साडेतेरा इंच करा, किंवा त्या बाजूची प्लेट ३ इंच उचला. पहिला उपाय स्वस्त, पण खालचा छज्जा अरुंद होतो. दुसऱ्यात सुताराला उंच भिंत करावी लागते. बिल्ड रूफमध्ये वळचणी एका उंचीवर आणणारी सेम हाइट ईव्ह्ज ही खूण आहे. पण ती दोनपैकी कुठला मार्ग घेते हे छेदात बघितल्याशिवाय ती लावू नका.

मधूनच भिंतीचा तुकडा छपरातून वर डोकावत असेल तर तो पोटमाळ्याच्या पातळीवरचा असतो. तो निवडून डिलीट केला तर पुढच्या बिल्डला परत येतो. खालच्या आणि वरच्या मजल्याची भिंत एकावर एक नेमकी बसलेली नाही, हे बहुधा मूळ असतं. खालचा मजला रेफरन्स म्हणून दाखवा आणि वरची भिंत त्यावर आणून ठेवा.

हे सगळं जुळलं की मगच हाताने काम. त्याआधी ऑटो रीबिल्ड रूफ्स बंद करा, नाहीतर एक भिंत हलवताच तुमचे बदल पुसले जातील. दोन पाखी जोडायची तर पहिल्याची जुळणारी कड निवडा, जॉइन रूफ प्लेन्स घ्या आणि दुसऱ्या पाख्याच्या कडेवर क्लिक करा. पाख्याचा मधला भाग पकडून सरकवलं तर त्याची उंची बदलते आणि ते प्लेटवरून उचललं जातं. स्वस्त आवृत्त्यांत हाताने छप्पर काढायची सगळी साधनं नसतात. तिथे भिंतींच्या सूचनांवरच भागवावं लागतं आणि साध्या घराला तेवढं पुरतं.

डेक ही एक खोली आहे

डेक म्हणजे फळ्यांचा चौकोन असं समजून तो जमिनीच्या स्लॅबने किंवा साध्या भिंतींनी काढला, की पुढे प्रत्येक पायरीवर त्रास होतो. डेक मेनूमधलं स्ट्रेट डेक रेलिंग किंवा स्ट्रेट डेक एज वापरा. कठडा हवा तिथे पहिलं, नको तिथे दुसरं. रेषा घराच्या बाहेरच्या भिंतीला भिडवून सुरू करा आणि भिंतीलाच आणून संपवा. आत क्लिक केल्यावर खोली निवडली जायला हवी आणि तिचा प्रकार डेक दिसायला हवा. खोली निवडलीच जात नसेल तर कुठेतरी बारीक फट आहे, बहुतेकदा घराच्या भिंतीशी. रेलिंगचं टोक भिंतीपासून थोडं मागे ओढून पुन्हा भिडवलं की ती मिटते.

फळ्यांऐवजी खाली काँक्रीटच्या पायाभिंती आल्या असतील तर खोलीचा प्रकार डेक नाही. प्रकार बदला आणि फाउंडेशन पुन्हा बांधा. नुसता प्रकार बदलून आधी तयार झालेल्या पायाभिंती जात नाहीत.

डेकची फळी घराच्या जमिनीला समतल ठेवू नये. पाऊस आणि बर्फ दाराच्या उंबऱ्याखाली शिरतं आणि लेजरमागचं (लेजर म्हणजे डेक घराच्या भिंतीला जोडणारी आडवी तुळई) लाकूड कुजतं. रूम स्पेसिफिकेशनमध्ये फ्लोअर हाइट खाली घ्या. एक पायरी चालत असेल तर ७ इंच खाली घेणं सर्वात सोयीचं. वर छप्पर येणार असेल तर डोक्यावरची जागाही तेवढीच वाढते.

सांगाड्याच्या बाबतीत दोन तक्रारी नेहमीच्या. पहिली, तुळई किंवा खांब हाताने हलवला आणि थोड्या वेळाने तो मूळ जागी गेला. डेकच्या खोलीत फ्रेमिंग आपोआप बांधण्याची खूण असते. आकार, उंची आणि जिना पक्का होईपर्यंत ती चालू ठेवा, शेवटी बंद करा आणि मगच खांब हलवा. दुसरी तक्रार एल आकाराच्या डेकची. पूर्ण डेक एकच खोली असल्यामुळे सगळे जॉइस्ट (फळ्यांखालची आडवी लाकडं) एकाच दिशेने जातात आणि एलच्या एका भुजेत ते घराच्या भिंतीला समांतर होतात. कोपऱ्यात रूम डिव्हायडर टाकून डेकच्या दोन खोल्या करा, प्रत्येकीला जॉइस्टची आणि फळ्यांची दिशा वेगळी द्या. जॉइस्ट घराच्या भिंतीला काटकोनात, फळ्या जॉइस्टला काटकोनात. १६ इंचांवरचं अंतर साध्या फळ्यांना चालतं. कंपोझिट फळ्या तिरक्या लावायच्या असतील तर साधारणपणे १२ इंच धरतात, पण त्या फळीच्या उत्पादकाचं पत्रक बघूनच आकडा भरा.

दोन पातळ्यांच्या डेकला हीच युक्ती. मधली रेषा मात्र डेक एजची घ्या आणि खालच्या भागाची उंची १४ इंच कमी करा. मध्ये ७ इंचांचे दोन चढ बसतात.

गवत, खांब आणि जिना

टेरेन पेरिमीटर, म्हणजे घराभोवतीच्या जमिनीची हद्द, न टाकता डेकचा जिना काढला तर तो हवेत संपतो किंवा भलत्याच पातळीवर जातो. आधी टेरेन टाका. टेरेन स्पेसिफिकेशनमध्ये घराची जमीन मातीपासून किती उंच, हा आकडा असतो. तो प्रत्यक्ष जागेवर टेपने मोजून भरा. फळ्यांतून गवत येणं, खांब जमिनीत गाडलेले दिसणं, जिन्याला एकच पायरी येणं, या तिन्हींचं मूळ इथेच असतं. उतारावरचं घर असेल तर डेकच्या चारही कोपऱ्यांखाली एलेव्हेशन पॉइंट (जमिनीची उंची सांगणारे बिंदू) द्या. एकाच बिंदूवरून सॉफ्टवेअर उतार ओळखू शकत नाही.

जिना डेकच्या कडेला चिकटून असेल तरच कठड्यात आपोआप मोकळीक येते. एक इंच जरी दूर राहिला तरी कठडा तसाच राहतो आणि जिन्याचं तोंड बंद दिसतं.

पायऱ्यांचा हिशेब आधी कागदावर करा. अमेरिकेच्या निवासी बांधकाम संहितेत, म्हणजे आयआरसीमध्ये, पायरीची उंची जास्तीत जास्त ७ ३/४ इंच आणि पाऊल ठेवायची खोली किमान १० इंच आहे. डेक जमिनीपासून ३४ इंच उंच असेल तर ३४ भागिले ७.७५ म्हणजे ४.३९, म्हणून चढ पाच, प्रत्येकी ६.८ इंच. पाच चढांना चार पायऱ्या, म्हणजे जिना ४० इंच पुढे येतो. एवढी जागा सोडून मग मेक बेस्ट फिट दाबा. आकडे जुळले नाहीत तर टेरेनची उंची चुकली आहे.

डेकवर छप्पर

सर्वाधिक डोकेदुखी इथे होते. डेकच्या खोलीवर छप्पर बांधायचं नाही असं सॉफ्टवेअर धरून चालतं. रूम स्पेसिफिकेशनमध्ये रूफ ओव्हर धिस रूमवर खूण करा. कठड्याला पोस्ट टू बीम करा, म्हणजे खांब वर तुळईपर्यंत जातील. नाहीतर छप्पर येतं, पण खाली आधार दिसत नाही.

आता उंची. मूळ घराची प्लेट १०९ १/८ इंचांवर, छप्पर ६ इन १२, डेक १२ फूट पुढे. घराचा उतार तसाच खाली ओढला तर १२ फुटांत ७२ इंच उतरतो आणि डेकच्या बाहेरच्या कडेला छप्पर कठड्याच्या उंचीवर, ३७ इंचांवर येतं. 'छप्पर कठड्यात घुसलं' ही तक्रार म्हणजे नेमकं हेच, सॉफ्टवेअरने सांगितलं तेच केलेलं असतं. प्लेटपासून पुढे २ इन १२ केलं तर उतार २४ इंच, बाहेरच्या तुळईची वरची कड ८५ १/८ वर. २×१० ची तुळई प्रत्यक्षात ९ १/४ इंच खोल असते, म्हणून तिच्याखाली उरतात ७५ ७/८ इंच, सहा फूट चार इंचांपेक्षाही किंचित कमी. डेक ७ इंच खाली घेतला असेल तर जवळजवळ ८३. चालतं, पण कोंदट वाटतं.

चांगला उपाय म्हणजे डेकचं पाखं घराच्या पाख्यावर थोडं वर चढवून जोडणं. घराचा उतार फुटाला ६ इंच चढतो, डेकचा २ इंच. म्हणजे जोड जितके फूट आत न्याल तितक्या वेळा ४ इंच उंची मिळते. ३ फूट आत नेला तर १२ इंच, आणि बाहेरची तुळई येते ९७ १/८ वर. तुळईखाली ८७ ७/८ इंच, घराच्या जमिनीपासून.

हे करण्यासाठी पाखं हाताने काढावं लागत नाही. डेकच्या बाहेरच्या कठड्याचं रूफ पॅनेल उघडा. पिच २ आणि अपर पिच ६ द्या. दुसरा उतार कुठून सुरू होतो ते उंचीत न देता इन फ्रॉम बेसलाइनमध्ये, म्हणजे बाहेरच्या कडेपासून आत, १८० इंच लिहा: डेकचे १२ फूट अधिक आतले ३ फूट. डेकच्या खोलीची सीलिंग हाइट अशी ठेवा की छेदात तुळईची वरची कड घराच्या जमिनीपासून ९७ १/८ वर दिसेल. डेकची जमीन खाली घेतली असेल तर हा आकडा छेदातच मोजून घ्या. डेकच्या दोन्ही बाजूंचे कठडे फुल गेबल करा. पडताळा सोपा आहे. १५ फुटांवर डेकचं पाखं ९७ १/८ अधिक ३०, म्हणजे १२७ १/८ वर पोचतं. घराचं पाखं प्लेटपासून ३ फूट आत १०९ १/८ अधिक १८, म्हणजे तेच १२७ १/८. दोन्ही जुळतात, म्हणून वरचं पाखं सलग राहतं. घराचा पिच ६ नसेल तर हा हिशेब पुन्हा करा. एक आकडा चुकला तरी सांध्यात पट्टी दिसते.

२ इन १२ ही आयआरसीप्रमाणे डांबरी शिंगल्सची खालची मर्यादा आहे आणि २ ते ४ इन १२ दरम्यान खाली अंडरलेमेंटचा (शिंगल्सखालच्या जलरोधक अस्तराचा) दुहेरी थर लागतो. त्याहून सपाट करायचं तर पत्रा किंवा मेम्ब्रेन निवडा आणि मॉडेलमध्येही तेच मटेरियल लावा, नाहीतर खरेदीच्या यादीत शिंगल्स येतील.

खालच्या खोलीच्या डोक्यावरचा डेक हा उलटा प्रश्न. तिथे छप्पर नको असतं आणि ते येतं. खालच्या खोलीवर वरच्या मजल्याची खोली नाही असं दिसलं की सॉफ्टवेअर तिला झाकतं. दुसऱ्या मजल्यावर जाऊन खालच्या भिंतींच्या नेमक्या वर रेलिंग काढा, चारही बाजू बंद करा आणि खोलीला डेक किंवा बाल्कनी म्हणा. पुन्हा बिल्ड केल्यावर छप्पर निघून जातं.

मॉडेल जे सांगत नाही

विटांचा बाह्यथर असलेल्या भिंतीला सॉफ्टवेअर खुशाल लेजर लावून दाखवतं. आयआरसीप्रमाणे विटांच्या किंवा दगडी व्हिनीअरवर लेजरचा भार टाकता येत नाही. अशा घराला डेक स्वतंत्र उभा करा: भिंतीजवळ आणखी एक तुळई आणि खांबांची ओळ, दुसऱ्या टोकाला नेहमीसारखी. आपोआप फ्रेमिंग बंद करून ही तुळई हाताने टाकावी लागते.

डेक जमिनीपासून ३० इंचांहून उंच असेल तर कठडा लागतो, किमान ३६ इंचांचा, आणि गजांमधून ४ इंचांचा गोळा जाता कामा नये. जमिनीची उंची कडेला मोजून पुरत नाही, कडेपासून ३६ इंच बाहेरपर्यंत बघतात. त्यामुळे उतारावर एका बाजूला कठडा सक्तीचा आणि दुसऱ्या बाजूला नाही, असं होऊ शकतं. कॅलिफोर्नियात कठडा ४२ इंचांचा हवा. रेलिंग स्पेसिफिकेशनमधला आकडा तिथे आपोआप बदलत नाही, प्रत्येक कठडा निवडून तो भरावा लागतो. परवानगीसाठी ड्रॉइंग पाठवण्याआधी जिन्याच्या बाजूच्या कठड्याचीही उंची तपासा. त्याची नोंद जिन्याच्या स्पेसिफिकेशनमध्ये वेगळी असते.